‘मी’ वगळलेले आत्मकथन

आत्मचरित्राचा सारा डोलारा ‘मी’ या एका लहानशा शब्दावर उभा असतो, आणि बहुतेक आत्मचरित्रे कोसळतात तीही त्याच शब्दामुळे. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘कन्फेशन्स’ लिहावयास घेतले, तेव्हा त्यांनी यावर एक तोड काढली. त्यांचा ‘मी’ वाचकाशी बोलतच नाही. तो अखंड परमेश्वराकडे तोंड करून उभा आहे, आणि वाचक बाजूला उभा राहून ते निवेदन ऐकतो. आपल्या मराठीत संत बहिणाबाईंनी नवऱ्याच्या छळासह आपले जीवन अभंगांतून सांगितले, ते ईश्वराच्या आणि सद्गुरूच्या साक्षीने. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त (१९३४ ते १९३६) निराळाच मार्ग धरला. त्यांचा ‘मी’ ठसठशीत आहे, परंतु तो स्वतःला इतका मनसोक्त हसतो की अहंतेला बसावयास जागाच उरत नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी मात्र हा शब्दच काढून टाकला. त्यांचे आत्मकथन सबंध तृतीयपुरुषी आहे. ‘तो’ जखमी झाला, ‘त्याने’ वाचले, ‘तो’ निघाला. आणि घर सोडल्यानंतर लवकरच या ‘तो’चे नाव होते ‘यात्रिक’.

हे छोटेखानी पुस्तक आम्ही अनेकदा वाचले, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा अवघड वाटले. याचे कारण त्याची भाषा नव्हे. भाषा कोरडी आणि साधी, एखाद्या कारकुनाने रोजकीर्द लिहावी तशी आहे. अवघड आहे ते त्यातील मौन. आज स्वतःचा शोध, जीवनाचे ध्येय, आंतरिक विकास हे शब्द ग्रंथविक्रेत्यांच्या मांडणीवर ढिगाने पडलेले दिसतात. आपल्या धर्मग्रामांतील तरुण ती पुस्तके घेतात, पालकही वाढदिवसाला भेट म्हणून देतात. अशा दिवसांत या साडेचारशेहून अधिक वर्षे जुन्या पुस्तकाची चिकित्सा करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम ते कसे घडले ते पाहू. इग्नेशियस तेव्हा रोममध्ये संघाचे प्रमुख होते, वय साठीच्या पुढे गेलेले, प्रकृती ढासळलेली. त्यांनी आपली जीवनकथा सांगावी म्हणून सहकारी गळ घालीत होते आणि ते टाळीत होते. ऑगस्ट १५५३ मध्ये लुईस गोन्सालवीस द कामारा या पोर्तुगीज धर्मगुरूने (आडनाव वसईकरांना घरचेच वाटावे!) पोकळ बढाईचा मोह आपल्याला छळतो असे त्यांच्यापाशी उघड केले. तोच मोह इग्नेशियस यांनाही एके काळी दीर्घकाळ छळून गेला होता. त्या संभाषणातून कथनाचा निश्चय झाला. म्हणजे या पुस्तकाचा जन्म कीर्तीच्या इच्छेतून झालेला नाही. एका माणसाच्या मनातील अडचणीला दुसऱ्याने दिलेले ते उत्तर आहे. इग्नेशियस येरझारा घालीत सांगत. कामारा ऐकत, खोलीत जाऊन टिपणे काढीत आणि मागाहून ती लेखनिकाला विस्ताराने सांगत. बोलताना त्यांचा चेहरा दिसावा म्हणून कामारा जवळ सरकत, तर इग्नेशियस त्यांना नियमाची आठवण देऊन दटावीत. १५५३ साली सुरू झालेले काम खंडित होत १५५५ च्या शरदात कसेबसे पुरे झाले. अखेरचा भाग स्पॅनिश लेखनिक न मिळाल्यामुळे इटालियन भाषेत उतरला. एवढ्या अडथळ्यांतून आलेल्या पुस्तकाला डौल नसावा, यात नवल नाही.

कथेचा आरंभ ठाऊक असलेला आहे. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांचा तोफगोळा इनीगोच्या दोन्ही पायांमधून गेला. एक पाय मोडला, दुसरा जखमी झाला. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण हे ऐकलेले असते आणि तेथून एकदम संतपदाकडे उडी घेतो. पुस्तक ही उडी घेऊ देत नाही. हाड नीट बसले नाही म्हणून पाय पुन्हा मोडून बसवला. तो मृत्यूच्या दारातून परतला. त्यानंतर गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला आणि एक पाय आखूड झाला. तो उंचवटा दिसावयास कुरूप होता, दरबारी पद्धतीचा घट्ट बूट त्यावर चढला नसता. तेवढ्यासाठी या गृहस्थाने जिवंत हाड कापून घेतले! थोरला भाऊ म्हणाला की आपल्याच्याने हे सोसवले नसते. धैर्य आणि मिजास एकाच देहात इतक्या जवळ नांदतात, हे संत स्वतःविषयी सांगतो आहे. तेही पश्चात्तापाचे हुंदके न देता, विनोद न करता, केवळ घडले तसे.

अंथरुणावर पडून कंटाळलेल्या त्या सैनिकाने शौर्यकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचे पुस्तक. येथे या कथनाचा गाभा येतो आणि समीक्षकाने थांबावे असे हेच स्थळ आहे. वाचन बाजूला ठेवून तो दोन-दोन, चार-चार तास स्वप्ने रंगवी. एक स्वप्न एका थोर कुळातील स्त्रीचे. तिची सेवा कशी करू, काय बोलू, कोणते पराक्रम गाजवू. दुसरे स्वप्न संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखे जगण्याचे. दोन्ही स्वप्ने गोड होती. पहिले गोड आणि दुसरे कडू असते तर निवड सोपी झाली असती, आणि हे पुस्तकही सामान्य उपदेशाचे झाले असते. फरक होता तो स्वप्न सरल्यानंतर. पहिले ओसरले की मन कोरडे, असमाधानी राही. दुसरे ओसरले तरी प्रसन्नता मागे उरे. पुष्कळ दिवस त्याच्या हे ध्यानात आले नाही. एके दिवशी डोळे थोडेसे उघडले आणि त्याला या फरकाचे आश्चर्य वाटले.

पुढे ज्याला ‘आत्म्यांची पारख’ म्हणून ख्रिस्तसभेत मान्यता मिळाली, ज्यावर दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली आपल्या बुधवारच्या प्रबोधनांची मालिका गुंफली, त्या साऱ्याचे बीज एवढेच आहे: विचार गेल्यानंतर मागे काय उरले, ते पाहणे. आमच्या मते या कथनाचे वेगळेपण येथे आहे. हल्लीची पुस्तके वाचकाला सांगतात, तुझ्या अंतरंगात डोकाव, तुला खरोखर काय हवे ते ओळख, आणि त्याच्या मागे धाव. इनीगोला काय हवे ते चांगले ठाऊक होते. त्याला दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या होत्या आणि दोन्ही अगदी मनापासून. ‘तुला हवे ते कर’ हा उपदेश त्याच्या काय कामाचा? हव्याशा गोष्टीचा स्वाद नंतर कसा लागतो, याची नोंद ठेवणे हाच त्याचा उपाय ठरला. वाचता वाचता त्याने टिपणवही केली होती: ख्रिस्ताची वचने तांबड्या शाईने, पवित्र मातेची निळ्या शाईने, जवळजवळ तीनशे पृष्ठे, आणि हस्ताक्षर सुरेख होते हेही तो नमूद करतो. नोंद ठेवण्याची ही शिस्त त्याच्या अध्यात्मापेक्षा निराळी काढता येत नाही.

याच सूत्राचा एक सूक्ष्म धागा पुढे दोनदा येतो आणि बहुधा दुर्लक्षित राहतो. मान्रेसा येथे निजावयाच्या वेळी त्याला थोर आध्यात्मिक विचार सुचू लागले आणि आधीच तुटपुंजी असलेली झोप त्यात जाऊ लागली. त्याने विचार केला की प्रार्थनेला दिवसभरात पुष्कळ वेळ दिलेला आहे, ही वेळ झोपेची आहे. आणि ते सुंदर विचार बाजूला सारून तो झोपी गेला. पुढे बार्सेलोनात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, लॅटिन व्याकरण पाठ करावयास बसला की पुन्हा तोच प्रकार. मिस्साबलीत येत नसत असे दिव्य विचार नेमके व्याकरणाच्या वेळी येत. तेव्हा तो आपल्या शिक्षकांना चर्चमध्ये घेऊन गेला, घडत होते ते त्यांना प्रांजळपणे सांगितले, आणि बार्सेलोनात पोटाला भाकरी-पाणी मिळते तोवर दोन वर्षे आपल्या तासाला चुकणार नाही असे वचन दिले. पवित्र विचारांपासून सुटका करून घेण्यासाठी चर्चमध्ये जाणारा संत! आपल्या मुलांना परीक्षेच्या आदल्या दिवशी नोव्हेनाला नेणाऱ्या मातापित्यांनी हे पान अवश्य वाचावे.

मान्रेसाचा भाग मात्र हसून वाचण्यासारखा नाही. मोन्सेरातच्या मठात त्याने तीन दिवस घेऊन, लिहून काढून, सबंध आयुष्याचे पापनिवेदन केले होते. तरीही काही राहून गेले ही शंका त्याला पोखरू लागली. पुन्हा निवेदन, पुन्हा शंका. अगदी स्पष्ट असे काही आठवले तरच मागचे सांग, अशी आज्ञा धर्मगुरूंनी दिली. पण त्याला तर प्रत्येकच गोष्ट स्पष्ट वाटत होती. रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना चालूच होती आणि तिने काहीही उणे होत नव्हते. उपाय सापडणार असेल तर एखाद्या कुत्र्याच्या पिल्लामागेही जाईन, असा आक्रोश त्याने देवापाशी केला. त्याच्या खोलीत, प्रार्थनेच्या जागेजवळच, एक मोठे भगदाड होते. त्यातून स्वतःला झोकून द्यावे अशी ओढ त्याला पुनःपुन्हा होत असे. ते पाप आहे हे जाणून, तुला दुखवीन असे मी काही करणार नाही, असे तो देवाला ओरडून सांगत राही. मग एका संताचे उदाहरण आठवून तो रविवारपासून रविवारपर्यंत अन्नाविना राहिला. धर्मगुरूंनी उपास सोडावयास लावले, दोन दिवस बरे गेले, मंगळवारी शंका परत आल्या. शेवटी या शंकांचा ओघ कोठून येतो आणि कोठे नेतो, हे त्याला दिसले. झोपेतून जागा व्हावा तसा तो त्यातून बाहेर आला आणि मागील पापांचे पुन्हा निवेदन करणे त्याने कायमचे थांबवले.

साठीच्या पुढचा, संपूर्ण संघाचा प्रमुख, हजारोंचा आध्यात्मिक मार्गदर्शक, आपण एके काळी आत्महत्येच्या काठाशी उभे होतो हे लेखनिकाकडून लिहवून घेतो. आम्हांला वाटते, येथेच ‘मी’ वगळण्याचे मर्म उलगडते. ‘मी मरावयास निघालो होतो’ या वाक्यात करुणेची मागणी असते, किंवा मग त्यातून तरलो याचा अभिमान. ‘त्याला’ ती ओढ होत असे, या वाक्यात दोन्ही नाहीत. तेथे केवळ एका जिवाची हकिकत उरते, आणि तशाच अंधारात असलेला वाचक त्या ‘तो’च्या जागी स्वतःला ठेवू शकतो. आपल्या कुटुंबांतून असे जीव आहेत. त्यांना आपण बहुधा श्रद्धा वाढव, प्रार्थना कर एवढेच सांगतो. रोज सात तास प्रार्थना करणाऱ्यालाही त्या भगदाडाची ओढ वाटत होती, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे; आणि त्याने ती दडपली नाही, वेळोवेळी धर्मगुरूंपाशी आपल्या मनाची स्थिती उघड केली, हेही.

आणखी एका अपयशाची कथा आमच्या समाजाने वाचावी अशी आहे. यात्रिकाच्या मनात एकच ध्येय होते: यरुशलेमला जावे आणि जन्मभर तेथेच राहावे. १५२३ साली तो भिक्षा मागत तेथे पोहोचला. तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी राहण्यास नकार दिला. आपला निश्चय पक्का आहे असे त्याने सांगितले, तेव्हा बहिष्काराचा अधिकार आपल्याकडे आहे हे त्यांनी दाखवून दिले. परतण्यापूर्वी तो एकटाच जैतुनाच्या डोंगरावर गेला. प्रभूची म्हणून दाखवतात ती पावलांची खूण पाहावी म्हणून पहारेकऱ्यांना त्याने जवळचा चाकू दिला. खाली आल्यावर उजवे पाऊल कोणत्या दिशेला होते ते नीट पाहिले नाही हे आठवले, तेव्हा कात्री देऊन पुन्हा वर गेला. मग मठाच्या एका नोकराने त्याला दंडाला धरून खाली आणले. ज्याला तो देवाची इच्छा समजत होता, ती देवाची इच्छा नव्हती असे त्याला कळले. मग पुढे काय करावे हा विचार करीत तो परतला आणि शिकावे असे त्याच्या मनाने घेतले. बस, एवढेच! सेमिनरीतून किंवा मठातून परत आलेल्या मुलामुलींकडे आपल्या गावांत कशा नजरेने पाहिले जाते, ते येथे सांगावयास नको. ज्याने हजारोंना पाचारण ओळखावयास शिकवले, त्याचे स्वतःचे पहिले पाचारण असे चुकीचे निघाले. आणि त्या चुकीविषयी पुस्तकात लाजेचा एक शब्द नाही.

असे हे पुस्तक लोकांच्या हाती सुखासुखी आले असेल असे कोणास वाटेल. तसे घडले नाही. १५६७ साली संघाचे तत्कालीन प्रमुख संत फ्रान्सिस बोर्जा यांनी त्याच्या प्रती परत मागवल्या. संस्थापकांचे सविस्तर, अधिकृत चरित्र पेद्रो दे रिबादेनेइरा लिहीत होते. हे अपुरे टिपण फिरत राहू नये असा त्यामागील विचार होता. रिबादेनेइरा यांचा ग्रंथ १५७२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखक म्हणून ते कसलेले होते आणि त्यांनी मान्रेसाच्या यातना लपवल्या असेही नव्हे. परंतु तेथे आपण संतपदाच्या शिखरावरून खाली पाहतो. येथे आपण वाट न कळणाऱ्या माणसाबरोबर चालतो. लॅटिन रूपांतर १७३१ साली छापले गेले आणि मूळ स्पॅनिश-इटालियन पाठ १९०४ मध्ये. तीन शतकांहून अधिक काळ भाविक वाचक त्या मूळ शब्दांविना राहिला.

हे एकट्या इग्नेशियस यांच्या बाबतीत झाले नाही. लिझ्यूच्या संत तेरेजा यांची हस्तलिखिते त्यांच्या थोरल्या बहिणीने संस्कार करून १८९८ मध्ये छापली. मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी वाचकांपुढे आली ती १९५६ साली. संत मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांतील दीर्घ अंधाराची वर्णने वाचून अनेक भाविक गोंधळले. आपल्याला संत सुबक हवा असतो. आणि संतांपुरते तरी हे का म्हणावे? आपल्या चर्चच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळाव्या, महिन्याच्या मिस्साबलीच्या वेळी वाटलेली स्मृतिपत्रिका पाहावी. प्रत्येक मयत व्यक्ती मनमिळाऊ, कष्टाळू, धर्मशील आणि हसतमुख होती. त्यांतील एकही कधी चुकली नाही, धर्मगुरूंशी भांडली नाही, रात्रभर जागी राहिली नाही. अशा लेखनाने दिवंगतांचा मान राहत असेल; नातवंडांच्या हाती मात्र काही लागत नाही. आजोबांना दारू सोडावयास किती वर्षे लागली आणि मध्ये किती वेळा ती पुन्हा सुरू झाली, हे कोणी लिहील काय? इग्नेशियस यांनी लिहवून घेतले.

पुस्तकाच्या उणिवांकडे डोळेझाक करण्याचे मात्र कारण नाही. मोन्सेरातच्या वाटेवर एका मुसलमान प्रवाशाशी पवित्र मातेच्या कौमार्याविषयी वाद झाला. तो पुढे निघून गेल्यावर त्याला गाठून खंजीर मारावा काय, या विचाराने इनीगोचे मन घोळत राहिले आणि अखेर निर्णय त्याने खेचरावर सोपवला. लगाम सैल सोडला. खेचराने गावाचा रस्ता टाळून हमरस्ता धरला म्हणून एक जीव वाचला. त्या काळी हा आत्मा अजून आंधळा होता, असे कथनात आधीच म्हटले आहे, ते प्रामाणिक आहे. तरी त्या प्रवाशाच्या बाजूने एक वाक्यही येत नाही, हे आजच्या वाचकाला टोचते आणि टोचले पाहिजे. त्याच यात्रेत मोन्सेरातला त्याने आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली आणि लोकांनी त्या भिकाऱ्याला चोर समजून छळले. हे कळताच यात्रिकाच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या धर्मकृत्याची किंमत दुसऱ्याने मोजली, ही जाणीव त्या अश्रूंत आहे. खेचराच्या प्रसंगाहून आम्ही या प्रसंगाला अधिक मोल देतो.

पुढे कथन विरळ होत जाते. आल्काला आणि सालामांका येथील तुरुंगवास, पॅरिसमध्ये लहान मुलांबरोबर गिरवलेले धडे, भिक्षेसाठी केलेले प्रवास, ही सारी माहिती महत्त्वाची आहे, पण यादीच्या वळणाने येते. इसाबेल रोसेर यांच्यासारख्या उपकारकर्त्या स्त्रिया नावापुरत्या येऊन जातात. संत फ्रान्सिस झेवियर, जे १५४२ साली गोव्यास पोहोचले आणि ज्यांच्यामुळे हे सारे आपल्या दाराशी आले, त्यांनाही जेमतेम ओझरता उल्लेख मिळतो. आणि जेथे यशाची कथा सुरू व्हावी तेथे, १५३८ च्या रोममध्ये, कथन थांबते. १५४० साली पोपमहोदयांनी संघाला मान्यता दिली, संघ देशोदेशी पसरला, महाविद्यालये निघाली; यांपैकी काहीही येथे नाही. बाकीचे नादाल सांगतील, असे म्हणून इग्नेशियस मोकळे होतात. ध्येय सापडल्यानंतरचा माणूस त्यांना सांगण्याजोगा वाटला नसावा. सांगण्याजोगा वाटला तो शोधात असलेला, लंगडत चालणारा.

कामारा यांचे समाधान मात्र झाले नव्हते. त्यांनी ‘आध्यात्मिक साधने’विषयी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की ती एकदम लिहिली नाही, स्वतःला उपयोगी पडले ते इतरांनाही पडेल असे वाटले, तसतसे टिपत गेलो. संघाची घटना लिहिताना मनात रोज काय घडत होते, याचीही टिपणे इग्नेशियस यांच्यापाशी होती. कागदांचा एक बराच मोठा गठ्ठा त्यांनी कामारा यांना दाखवला आणि त्यातील काही भाग वाचूनही दाखवला. ते सगळे कागद थोडा वेळ आपल्याजवळ ठेवू द्यावेत, अशी विनंती कामारा यांनी केली. इग्नेशियस यांनी ती मानली नाही; आणि पुस्तक येथेच संपते.